गुडघ्यात सुई घ्यायची का? स्टेरॉइड, जेल आणि पीआरपी यांतला फरक

प्रश्न थोडक्यात असा: आई ६२ वर्षांच्या, राहणार निफाड तालुका. उंची पाच फूट एक इंच, वजन ७६ किलो. दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ८.४. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त, आणि उजवा अधूनमधून सुजतोही. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'ग्रेड ३' (झिजेच्या ० ते ४ पट्टीवर) लिहिलंय. नाशिकला तीन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सांगितलं, दुसऱ्यांनी वंगणाचं जेल, तिसऱ्यांनी पीआरपीचे (स्वतःच्याच रक्तातला भाग टोचण्याचे) तीन डोस. शेजारी म्हणतात स्टेरॉइडने हाड गळतं. पौषात कांदा लागवड आहे, चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचं आहे. काय करावं?

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. साखर खाली आणा. ती आली की उजव्या गुडघ्यात, तो सुजलेला असताना, स्टेरॉइडची एक सुई घ्यायला हरकत नाही. डाव्याला आत्ता काही टोचू नका. जेलवर पैसे घालू नका. पीआरपी आज नको. आणि लागवडीच्या तोंडावर, 'चार दिवस काम निघून जाऊ दे' म्हणून तर कुठलीच सुई नको. सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

तीन डॉक्टरांचे तीन सल्ले ऐकून गोंधळ होणं साहजिक आहे. पण ही तीन औषधं एकाच कामाची नाहीत. झीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घासलेली गादी येते. ती गादी, म्हणजे हाडांच्या टोकावरची कूर्चा, तिला मज्जातंतूच नसतात. ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड आणि भोवतालचे बंध. म्हणून एकाच्या एक्स-रेत ग्रेड ४ असून तो बाजारहाट करतो आणि दुसऱ्याला ग्रेड २ मध्ये जिना चढवत नाही. अस्तराला दाह झाला की ते जास्त पाणी सोडतं आणि गुडघा फुगतो. स्टेरॉइड काम करतं ते या दाहावर. गादी ते भरून काढत नाही. खरं तर बाजारात मिळणारी कुठलीच सुई गादी भरून काढते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, जाहिरातीच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो.

त्यामुळे पहिला प्रश्न 'कुठली सुई' हा नसून 'दुखणं नक्की सांध्यातलंच आहे का' हा आहे. आईंना एका बोटाने जागा दाखवायला सांगा. बोट गुडघ्याच्या फटीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, आतल्या बाजूला नडगीच्या हाडावर टेकत असेल, तर तिथल्या स्नायुबंधांखालच्या पिशवीला सूज असू शकते. मधुमेही आणि जाड बायकांत हे फार आढळतं. तिथे सांध्यात सुई घालून उपयोग नाही. सुई, व्यायाम, शेक, सगळं त्या जागी करावं लागतं. खुब्याची झीजही कधीकधी फक्त गुडघ्यात दुखते. पाठीवर झोपवून पाय गुडघ्यात वाकवावा आणि खुब्यातून आत-बाहेर फिरवून बघावा. जांघेत कळ आली किंवा पाय फिरतच नसेल, तर खुब्याचा एक्स-रे काढा. कमरेतून मांडीवर उतरणारी कळ हा तिसरा चकवा.

एक्स-रे उभं राहून काढलेला आहे का, तेही बघा. झोपून काढलेल्या फोटोत फट मोकळी दिसते. वजन पडल्यावर ती किती मिटते ते उभ्यानेच कळतं. या वयात एमआरआयची गरज सहसा नसते. साठीनंतरच्या एमआरआयमध्ये मेनिस्कस (दोन हाडांमधली चकतीसारखी गादी) बऱ्याचदा फाटलेला दिसतो, आणि तो दिसला की माणसं विनाकारण दुर्बिणीच्या ऑपरेशनपर्यंत पोचतात.

आता सूज. गुडघा सरळ ठेवून स्नायू सैल सोडले की वाटीच्या दोन्ही बाजूंना खळगे दिसायला हवेत. खळगे भरलेले असतील, वाटीच्या वरचा भाग दाबल्यावर वाटी पाण्यावर तरंगल्यासारखी लागत असेल, तर आत पाणी आहे. अशा ओल्या गुडघ्यात स्टेरॉइडचा गुण चांगला येतो असा बहुतेक डॉक्टरांचा अनुभव आहे. अभ्यासांचा कौल मात्र याबाबत एकमुखी नाही. तरी सुजलेल्या गुडघ्यातून आधी पाणी काढून मग औषध सोडण्याचे दोन फायदे निश्चित आहेत. ताण कमी झाल्याने लगेच हलकं वाटतं, आणि पाणी निघालं म्हणजे सुई सांध्यातच आहे याची खात्री पटते.

त्या पाण्याचा रंग कुणीतरी बघितला पाहिजे. झिजेचं पाणी गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं, पारदर्शक आणि तार धरणारं असतं. ते गढूळ निघालं तर त्या दिवशी स्टेरॉइड द्यायचं नाही, पाणी तपासणीला पाठवायचं. पांढऱ्या पेशींची संख्या दर घन मिलिमीटरला २,००० च्या आत असेल तर झीज. ५०,००० च्या वर गेली तर जंतुसंसर्ग धरूनच चालायचं. मधल्या आकड्यांत युरिक अ‍ॅसिडचे किंवा कॅल्शियमचे स्फटिक, आमवात असे अनेक उमेदवार असतात. ज्या गुडघ्यात जंतू आहेत त्यात स्टेरॉइड टोचणं ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात महाग चूक आहे. पाणी न बघता बादलीत ओतून देणारा दवाखाना असेल तर दुसरा शोधा.

सुईत असतं काय? बहुतेक वेळा ट्रायामसिनोलोन ४० मिलिग्रॅम (केनाकॉर्ट) नाहीतर मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट ४० ते ८० मिलिग्रॅम (डेपो-मेड्रोल). सोबत भुलेसाठी १ टक्का लिग्नोकेन ३-४ मिलिलिटर. दोन्ही स्टेरॉइडं दुधाळ असतात, कारण ती पाण्यात विरघळलेली नसून बारीक कण तरंगत असतात. ते कणच सांध्यात हळूहळू विरघळतात, म्हणून परिणाम आठवडे टिकतो. कुपी नीट हलवली नाही तर औषध तळाशी राहतं आणि सुईत नुसतं पाणी येतं. लिग्नोकेनच्या मोठ्या, अनेकांसाठी वापरायच्या कुपीत पॅराबेन हे टिकाऊ द्रव्य असतं. त्याने हे कण गुठळतात. म्हणून एका रुग्णाला एक, टिकाऊ द्रव्य नसलेली कुपी वापरलेली चांगली. जंतूंच्या दृष्टीनेही तेच बरं. किमतीचं म्हणाल तर या औषधाची कुपी शंभराच्या घरातली आहे, जेलची सुई हजारांच्या घरातली.

टोचायची पद्धत. आईंना पाठीवर झोपवतात, गुडघा जवळजवळ सरळ, खाली घडी केलेला टॉवेल. वाटीच्या बाहेरच्या बाजूने, मध्यावर किंवा वरच्या कोपऱ्याशी, वाटीच्या खाली सरकवत २१ किंवा २२ नंबरची दीड इंची सुई जाते. पाणी काढायचं असेल तर १८ नंबरची जाड सुई लागते, कारण ते पाणी चिकट असतं. पुढून, गुडघा वाकवून, वाटीखालच्या खळग्यातून टोचायची पद्धतही चालते, पण तिथे चरबीचा गोळा आड येतो. कोरड्या गुडघ्यांत सुई नेमकी कुठे गेली हे क्ष-किरणांखाली तपासलेल्या २००२ च्या एका अभ्यासात बाहेरच्या बाजूने वाटीच्या मध्यावरून टोचलेल्या ९३ टक्के सुया सांध्यात पोचल्या होत्या, पुढून टोचलेल्या ७१ ते ७५ टक्के. म्हणजे नुसत्या अंदाजाने पुढून टोचलं तर चारातली एक बाहेर. सोनोग्राफी लावली की अचूकता ९५ टक्क्यांच्या वर जाते. गुडघा पाण्याने भरलेला असेल तर सोनोग्राफीवाचून अडत नाही. कोरडा आणि जाड असेल तर तिचा आग्रह धरा.

कातडी आयोडीनने किंवा क्लोरहेक्सिडीनने पुसून ती वाळू द्यायची असते. वाळणं हाच निर्जंतुकीकरणाचा भाग आहे, आणि घाईत नेमका तोच गळतो. औषध आत जाताना हाताला जोर लागता कामा नये. जोर लागला तर सुई बंधात किंवा चरबीत आहे. तिथेच रेटलं तर दुखतंही जास्त आणि गुणही येत नाही. कातडीखाली सांडलेल्या ट्रायामसिनोलोनने त्या जागी खळगा पडतो आणि पांढरा डाग उमटतो. सावळ्या कातडीवर तो महिनोन्‌महिने दिसतो, आणि बायका कोड समजून घाबरतात.

आईंना अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते बंद करायची गरज नसते. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) ३ च्या आत असल्याचं बघून सुई देतात. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवण्यात सुईपेक्षा मोठा धोका आहे. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनॅव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांच्यासोबत ट्रायामसिनोलोन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि एका सुईनेही चेहरा सुजणं, साखर भडकणं असे प्रकार होतात.

एवढंच महत्त्वाचं दुसरं: गुडघेदुखीवर आई कुठली पुडी घेतात का? आठवडी बाजारात, ओळखीच्यांकडून मिळणाऱ्या 'रामबाण' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. पुडी घेतल्यावर दोन दिवसांत भूक वाढून सगळी दुखणी पळाली असतील तर संशय घ्याच. साखर का हटत नाही याचं उत्तरही कधीकधी तिथेच मिळतं. अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर एकदम तोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं; डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करावी लागते.

आता साखर. सांध्यात टोचलेलं स्टेरॉइड थोडं रक्तात उतरतंच. पहिल्याच दिवशी साखर चढायला लागते, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त असते आणि साधारण आठवड्याभरात मूळ पातळीवर येते. ८.४ एचबीए१सी असलेल्या माणसाची साखर ३०० च्या पुढे जाणं नवल नाही. म्हणून आधी सहा-आठ आठवडे साखरेवर घाला, आठच्या खाली आणा. सुईच्या दिवसापासून सात दिवस ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, असं दिवसातून दोनदा तपासा आणि आकडे वहीत लिहा. आकडा किती झाला की गोळी वाढवायची किंवा फोन करायचा, हे मधुमेहाच्या डॉक्टरांकडून सुईच्या आधीच लिहून घ्या. रक्तदाबही त्या आठवड्यात दोनदा बघा. दोन्ही गुडघ्यांत एकाच दिवशी टोचलं तर मात्रा दुप्पट आणि साखरही तशीच उडते. डाव्याला आत्ता नको म्हणण्याचं एक कारण हे.

टोचल्यानंतर भुलेमुळे तासभर गुडघा अगदी हलका वाटतो. भूल उतरली की दुखणं परत येतं, आणि 'सुई वाया गेली' असं वाटतं. स्टेरॉइडचा खरा गुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, कधी आठवड्याने दिसतो. काहींना त्याच रात्री गुडघा उलट जास्त ठणकतो. औषधाच्या कणांनी अस्तर चिडतं; बर्फ आणि पॅरासिटामॉल घेऊन दोन-तीन दिवसांत ते शांत होतं. चेहरा दोन दिवस लाल, गरम होणं हेही घडतं आणि आपोआप जातं.

ज्याला घाबरायचं ते वेगळं आहे. पहिले दोन दिवस बरे गेले, मग तिसऱ्या ते सातव्या दिवसात गुडघा गरम, लाल, टम्म झाला, पाय टेकवेना, हलवताच किंचाळावंसं वाटलं, तर सांध्यात जंतू शिरलेत असं समजून त्याच दिवशी नाशिक गाठायचं. मधुमेही आणि वयस्क माणसांत ताप नसूनही संसर्ग असू शकतो. हे हजारो सुयांत एखादीला होतं, पण झालं तर काही दिवसांत सांधा खातं. गावात आधी अँटिबायोटिक घेऊन बघू, असं करू नका. पाण्याचा नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं की तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि मग उपचार अंदाजाने करावा लागतो.

सुई घेतल्या दिवशी दुचाकी चालवू नका, भुलेने पाय दगा देतो. निफाडहून एसटीने आलात तर परतीला कुणी सोबत ठेवा. २४ ते ४८ तास टोचल्या जागी तेल, मालिश, लेप नको. अंघोळ चालेल, विहिरीत पोहणं नको, आणि नाशिकला आलोच आहोत तर रामकुंडात डुबकी मारू, हेही त्या दोन दिवसांत नको. घरात चालणं-फिरणं चालू ठेवायचं. अंथरुणाला खिळायची गरज नाही, फक्त जिने आणि उकिडवं बसणं टाळायचं.

'स्टेरॉइडने हाड गळतं' यात तथ्य किती? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १४० जणांना दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी, गुडघ्यात ४० मिलिग्रॅम ट्रायामसिनोलोन किंवा नुसतं सलाइन दिलं. दोन वर्षांनी स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर पातळ झाली, सलाइनवाल्यांची ०.१०. आणि दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं तीन-तीन महिन्यांनी टोचत राहिलात तर शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एका सुईबद्दल मात्र ते लागू होत नाही. दोन सुयांत किमान तीन महिने आणि एका सांध्याला वर्षात तीन-चारहून जास्त नाही, हा सर्वसाधारण नियम. माझं मत याहून कडक आहे. पहिल्या सुईने सहा आठवडेही आराम दिला नाही तर दुसरी त्याच औषधाची घेऊ नये. आणि वर्षाला दोनाहून जास्त लागत असतील तर सुईचा विषय संपला, पुढचा पर्याय बोलायची वेळ आली.

गुण टिकतो किती? ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत हा आराम थोड्या काळाचा, २ ते १० आठवड्यांचा म्हटला आहे. एवढ्याचसाठी सुई घ्यायची का, असं वाटेल. घ्यायची, पण ते आठवडे कशासाठी वापरायचे ते ठरवून.

इथे कांद्याचा विषय येतो. लागवडीला वाफ्यात दिवसभर उकिडवं बसावं लागतं. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीमागे आणि आतल्या कप्प्यात दाब कितीतरी पटींनी वाढतो. दुखणं ही त्या दाबाला शरीराने लावलेली कुंपणाची तार आहे. लागवडीच्या आदल्या आठवड्यात सुई घेतली की तार निघते, आई आठ दिवस बिनघोर उकिडव्या बसतात, आणि माघात गुडघा आधीपेक्षा जास्त सुजलेला असतो. मग 'सुईने बिघडवलं' म्हणतात. बिघडवलं ते सुईच्या आडोशाने केलेल्या कामाने. या हंगामात आईंना रोपांच्या जुड्या निवडणं, शेंडे छाटणं अशी खाटेवर बसून होणारी कामं द्या. काढणीला पात कापायचं कामही उंच जागी बसून होतं. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. थंडीत गुडघे आखडतात म्हणून ती झीज वाढवते असं नाही. सकाळी शेकून, चार पावलं घरात चालून मग अंगणात उतरावं, एवढंच.

सुईनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्यायाम सुरू. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, मांडी घट्ट करून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाय सरळ ठेवून एक वीत उचलून पाच आकडे धरायचा, दहा वेळा. कुशीवर वळून वरचा पाय बाजूला उचलायचा. खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले असतील तर चालताना गुडघा आत कोसळतो. दुसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून, पाचापासून दहापर्यंत. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही तर मोजणी निम्मी करा, बंद करू नका. पहिले दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन शिकून घ्या. छापील चित्रं बघून केलेल्या व्यायामात बहुतेक जण मांडी न आवळता पाय नुसता झोकतात.

हे जोडकाम मी उगाच लांबवत नाही. २०२० मध्ये १५६ रुग्णांवर थेट सामना झाला: एका गटाला गुडघ्यात स्टेरॉइड, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वर्षानंतर दुखणं, आखडणं आणि हालचाल यांच्या एकत्रित मोजणीत (गुण कमी तितकं बरं) सुईवाल्यांचे सरासरी ५५.८ गुण आले, व्यायामवाल्यांचे ३७. दोन्ही गट सुरुवातीला शंभराच्या वर होते. सुई वाईट ठरली नाही, पण लांबच्या पल्ल्यात व्यायाम पुढे गेला. आईंना दुखण्यामुळे व्यायामच जमत नसेल तर सुई ते दार उघडते. व्यायाम करायचाच नसेल तर सुई टाळलेली बरी.

वजनाचा हिशोब सोपा आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. आईंचं पाच किलो उतरलं तर दर पावलाला वीस किलो. काठी घ्यायची असेल तर उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात. चित्रपटातले म्हातारे उलटी धरतात. घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची बसवून घ्या. त्याने जो फरक पडतो तो कुठल्याही सुईने पडत नाही. आणि सुईच्या आधी करून बघण्यासारखी एक गोष्ट राहिली असेल: डायक्लोफिनॅकचं १ टक्क्याचं मलम, एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा, सलग तीन आठवडे. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि गुण नाही म्हणतात. त्याच औषधाच्या गोळ्यांपेक्षा मूत्रपिंडाला हे खूप कमी बाधतं, आणि मधुमेहात ते महत्त्वाचं.

आता जेल. निरोगी सांध्यातल्या पाण्यात हायलुरोनिक अ‍ॅसिड असतं, झिजेत ते पातळ होतं, म्हणून बाहेरून घालायचं, असा विचार. 'वंगण' शब्दामुळे ते गाडीच्या ग्रीससारखं सहा महिने आत राहतं असं वाटतं. प्रत्यक्षात साधं हायलुरोनिक अ‍ॅसिड शरीर काही दिवसांतच काढून टाकतं. घट्ट विणलेलं जेलही काही आठवड्यांत जातं. २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला. त्यातल्या मोठ्या, विश्वासार्ह चाचण्यांत जेल आणि लटकी (औषध नसलेली) सुई यांतला फरक १०० मिलिमीटरच्या पट्टीवर साधारण २ मिलिमीटर भरला. रुग्णाला जाणवेल इतका तो नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र जेलच्या बाजूला जास्त दिसले. 'नाइस'ने जेल देऊ नका असं स्पष्ट लिहिलं आहे. तरीही काहींना बरं वाटतं, आणि ते खोटं बोलत नाहीत: गुडघ्यात नुसतं सलाइन टोचलं तरी बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं. घ्यायचंच ठरलं तर दोन गोष्टी विचारा. ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवलंय की जिवाणूंपासून (अंडी-पिसांची अ‍ॅलर्जी असेल तर पहिलं नको). आणि आधी कधी तेच जेल घेतलंय का. घट्ट जेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एक-दोन दिवसांनी गुडघा एवढा फुगतो की जंतुसंसर्गच वाटावा. तेव्हाही पाणी काढून तपासावंच लागतं.

पीआरपी म्हणजे आईंचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, बिंबिका (प्लेटलेट्स) दाट असलेला पिवळा भाग गुडघ्यात सोडणं. रक्त १५ ते ६० मिलिलिटर, टोचायचा भाग ३ ते ६ मिलिलिटर. अडचण अशी की एका ठिकाणचं पीआरपी दुसऱ्या ठिकाणच्यासारखं नसतं: एकदा फिरवलं की दोनदा, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, बिंबिका मोजल्या की नाही. काही छोट्या अभ्यासांत ते जेलपेक्षा सरस दिसलं. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांच्या चाचणीत आठवड्याला एक असे तीन डोस देऊन वर्षभर बघितलं. अकरा गुणांच्या पट्टीवर दुखणं पीआरपीने २.१ ने उतरलं, सलाइनने १.८ ने, कूर्चेतही फरक नाही. साखर चढत नाही हा त्याचा खरा फायदा आहे. मधुमेह आटोक्यातच येत नाही अशा, ग्रेड २-३ च्या माणसाने, खर्च परवडत असेल आणि 'लागू पडलं तर पडलं' अशी तयारी असेल, तर विचार करावा. बंद, निर्जंतुक किट आपल्यासमोर फोडायला सांगा. टोचण्याआधी आठवडाभर आणि नंतर काही दिवस डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बंद असतात, तेव्हा त्या दिवसांत दुखणं सोसावं लागेल हे आधीच समजून घ्या. 'स्टेम सेल'च्या नावाने कुणी पॅकेज देत असेल तर औषध नियंत्रकांची मान्यता कागदावर मागा. कागद नसेल तर उठून या.

इतर सांध्यांबद्दल थोडक्यात. खुब्यात सोनोग्राफी किंवा सी-आर्म (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) यांशिवाय सुई घेऊच नये, आणि जेल तर तिथे नकोच. अंगठ्याच्या मुळाशी जागा एवढीशी असते की अर्धा ते एक मिलिलिटरच मावतं. बदललेल्या, कृत्रिम गुडघ्यात यातलं काहीही टोचत नाहीत.

सांधेबदलाचं ऑपरेशन नजीक असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात स्टेरॉइड नको. ऑपरेशननंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आईंना आज ऑपरेशनची घाई नाही. रात्रीची झोप मोडायला लागली, पाय धनुष्यासारखा वाकायला लागला, घरातल्या घरात चालणं आखडलं, तर मात्र सुयांत वेळ घालवू नका.

चैत्राचं म्हणाल, तर साखर आटोक्यात आली, माघाच्या सुमारास सुई झाली आणि सहा आठवडे व्यायाम झाला, तर आई गडावर नक्की जातील. वर जाताना फनिक्युलर ट्रॉलीने न्या. पाचशेच्या आसपास पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त मार बसतो, म्हणून नवस पायऱ्यांचाच असेल तर थोड्या चढून बाकीच्या ट्रॉलीवर सोडा आणि उतरताना तरी ट्रॉलीच घ्या. सुईच्या दिवशी दवाखान्यातून निघताना चिठ्ठीवर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कुठला गुडघा, तारीख आणि किती मिलिलिटर पाणी निघालं, एवढं लिहून घ्या. कुपीवरचं लेबल फाइलमध्ये चिकटवा.